सोबत्यांचे कपडे कोणी ठरवायचे?

प्रश्न: ड्रॅगन एज ओरिजिन्स हा व्हिडिओ गेम संपवून आता त्याचा पुढचा भाग ड्रॅगन एज टू सुरू केलाय, पण यात आपल्याबरोबर लढणाऱ्या सोबत्यांना चिलखत बदलताच येत नाही, लूटमध्ये एवढं भारी सामान मिळतं आणि त्यातलं चिलखत फक्त हॉकलाच, म्हणजे आपण खेळतो त्या नायकालाच घालता येतं, असं का केलं असेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: चिडचिड होणं साहजिक आहे हो. २००९ च्या ओरिजिन्समध्ये जवळजवळ सगळ्या सोबत्यांचं चिलखत बदलता यायचं, पण त्यात अ‍ॅलिस्टर आणि स्टेन या सोबत्यांना सारखंच चिलखत आणि हेल्मेट चढवलं की लढाईच्या धुरळ्यात कोण कुठला ते पटकन कळायचं नाही. २०११ च्या टूमध्ये प्रत्येकाला स्वतःचा ठरलेला पोशाख दिला, त्यामुळे इसाबेला किंवा फेनरिससारखे सोबती लांबूनच ओळखू येतात, आणि अ‍ॅव्हलिन ही सोबती गार्ड कॅप्टन, म्हणजे शहराच्या पहारेकऱ्यांची प्रमुख झाली की तिचा पोशाखही बदलतो, म्हणजे कपडेच गोष्ट सांगतात, हे मला मनापासून आवडतं. अंगठ्या, पट्टे, ताईत तुम्हाला बदलता येतात, चिलखताचे अपग्रेड दुकानात किंवा वाटेत मिळतात, ते शोधत राहा, नाहीतर पुढे सोबती लवकर पडतात.

तरी सापडलेलं चांगलं चिलखत विकून टाकावं लागतं हे खटकतंच. माझ्या मते सगळ्यात छान तोडगा २०१४ च्या इन्क्विझिशनचा, म्हणजे मालिकेतल्या तिसऱ्या गेमचा, तिथे चिलखत तुम्ही निवडता पण तेच चिलखत कसँड्रा या सोबतीवर वेगळं दिसतं आणि आयर्न बुल या सोबत्यावर वेगळं. टू संपला की तोच घ्या.