इंडी गेमचे ग्राफिक्स रिअलिस्टिक नसतील तर तो खपतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीम तिघांची (म्हणजे इंडी, मागे मोठी कंपनी नाही), गाव कोल्हापूर, गेम कुस्तीचा, काढायचा स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात. ग्राफिक्स रिअलिस्टिक ठेवले तर जास्त खपेल की कार्टूनसारखे?

भावा, तिघांत रिअलिस्टिक करू नका. कुस्तीत तर नकोच. याच विषयाच्या एका प्रोटोटाइपवर (कच्च्या नमुना-गेमवर) हा वाद मी एका मित्राशी पुरता घातलाय. त्याचं एकच पालुपद होतं, ‘माती खरी दिसली की लोक थांबून बघतील.’ माती खरी दिसली. डाव मात्र दिसेना.

कारण साधं आहे. दोन उघडी अंगं, कातडी एकाच रंगाची, लंगोट सारखे, खाली तेल-ताक-हळद मुरलेली तांबडी माती. स्क्रीनशॉट कृष्णधवल करून बघा. रिअलिस्टिक प्रकाशात अंग आणि माती जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात. त्यात घिस्सा किंवा ढाक असा डाव लागला की कुठला पाय कुणाचा हे खेळणाऱ्याला कळत नाही. तो चुकीचं बटण दाबतो आणि शिव्या कंट्रोल्सला घालतो. त्यावर आपण अंगाला चिकटणारी माती लावली. मग उरलासुरला फरकही गेला, कारण आता दोघेही मातीच्याच रंगाचे!

दुसरी अडचण पकडीची. पंजा पाठीवर टेकण्याऐवजी पाठीत बुडतो. दोघांची शरीरयष्टी वेगळी ठेवली की प्रत्येक डावात हाताची जागा नव्याने बसवावी लागते. सपाट रंग आणि जाड बाह्यरेषा असेल तर दोन-तीन पिक्सेलची गफलत झाकली जाते. खऱ्यासारख्या कातडीवर तीच चूक पहिल्या नजरेत खुपते.

उपाय असा. आधी दोन्ही पैलवान काळ्या रंगाने भरा आणि नुसत्या आकारावरून ओळखू येतात का ते बघा. एक बुटका, रुंद, टक्कल केलेला. दुसरा उंच, लांब हातांचा. मातीची उजळता 25-30 टक्क्यांवर आणा, अंगं 60 च्या वर ठेवा. एक लंगोट पांढरा, दुसरा गडद निळा. लाल नको, मातीत विरघळतो. ‘टीम फोर्ट्रेस 2’ (2007) हा गोळीबाराचा गेम याच तत्त्वावर उभा आहे: लांबून, नुसत्या आकारावरून कोण आलाय ते कळलं पाहिजे. तो गेम आधी रिअलिस्टिक लष्करी वळणाचा जाहीर झाला होता, हे त्या मित्राला कधीच पटलं नाही.

हाताने काढायचं म्हणाल तर आधी हिशेब मांडा. 8 डाव, प्रत्येकी 10 चित्रं, पैलवान दोन, म्हणजे 160 चित्रं. एकाला 40 मिनिटं धरली तर साधारण 107 तास. यात तोड, म्हणजे डावाला दिलेलं उत्तर, धरलेली नाही. प्रत्येक डावाला एक तोड म्हटलं की दुप्पट. ‘कपहेड’ (2017) हा जुन्या कार्टूनसारखा गेम बघून हुरळू नका, कागदावर चित्रामागून चित्र काढण्यात त्यांची वर्षं गेली. जी शैली शेवटच्या डावापर्यंत त्याच दर्जाने ओढता येईल तीच घ्या. पहिले दोन डाव देखणे आणि पुढचे भागवलेले, हे गिऱ्हाईक ट्रेलरमध्येच ओळखतं.

आता खपाचं. स्टीमवर 462×174 पिक्सेलची छोटी कॅप्सूल, म्हणजे यादीत दिसणारं गेमचं चित्र, चढवावी लागते आणि तिच्यातून 184×69 नि 120×45 अशा बारक्या प्रती निघतात. बरेच लोक तुम्हाला आधी त्या 120×45 मध्येच भेटणार. म्हणून चित्र त्या मापात आणून कुस्ती-फायटिंगच्या वीसेक गेमच्या कॅप्सूलमध्ये ठेवा आणि विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवा. ‘हा कसला गेम?’ याचं उत्तर दोन सेकंदांत आलं नाही तर चित्र बदला. एक पकड, दोन चेहरे, मोठं नाव, बास. पुरस्कार, रेटिंग, सवलत असलं काही त्यावर लिहायला स्टीमची मनाई आहे.

लोक पहिल्यांदा नावं ठेवतील ते वेगळं. ‘झेल्डा’ या निन्टेंडोच्या गाजलेल्या गेम-मालिकेचा 2000 साली रिअलिस्टिक नमुना दाखवला आणि 2001 मध्ये कार्टूनसारखा ‘विंड वेकर’ समोर आला, तेव्हा चाहते भडकले होते. पुढचा मोठा भाग 2006 मध्ये पुन्हा रिअलिस्टिककडे वळला. पण आज दोन्ही शेजारी ठेवले तर जुना कुठला वाटतो ते बघा. 

तुमच्याकडे घरचा मालही आहे. पुण्यात बनलेल्या ‘राजी’ या गेमने (2020) पहाडी चित्रशैलीचा आधार घेतला आणि तो लगेच वेगळा ओळखू आला. तुमच्या गावात बाबूराव पेंटर सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. त्या जाड, रंगीत हाताचा गेम अजून मी तरी पाहिलेला नाही.

हां, ड्रायव्हिंग किंवा क्रिकेटचा गेम असता तर हे सगळं उलटं सांगितलं असतं. तिथे गिऱ्हाईक टीव्हीवरच्या चित्राशी ताडून बघतं. आणि चित्र गिऱ्हाइकाला फक्त स्टीमवरच्या तुमच्या पानापर्यंत आणतं. दोन तासांच्या आत खेळ आवडला नाही तर रिफंड आहेच.

बाकी, माती ‘खरी’च हवी म्हणणाऱ्याला एकदा कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात अगदी वरच्या कडेला बसवा. तिथून माती म्हणजे एक सपाट तांबूस गोल दिसतो आणि डाव लागला की सगळं मैदान उठतं.