ड्रेनेजचे चेंबर नाही, म्हणून नक्शा अडला

प्रश्न : आम्ही राजेंद्रनगरात भाड्याने राहतो. तीन वर्षांपूर्वी बायपासपलीकडच्या एका कॉलनीत 20 बाय 50 चा प्लॉट घेतला. रजिस्ट्री आणि नामांतरण झाले आहे. आता घर बांधायला काढले, तर कॉलनीतील ड्रेनेज लाइन आणि विजेची कामे अपुरी असल्याचे सांगून नगर निगमाने बांधकामाचा नक्शा परत पाठवला. कॉलनी वसवून प्लॉट विकणारा कॉलोनायजर म्हणतो, ‘‘सेप्टिक टँक करा, बोअरिंग घ्या, नक्शाचे नंतर पाहू.’’ शेजारच्या दोघांनी तसेच केले आहे. प्लॉट आमचा, पैसा आमचा, मग त्याच्या गटाराची शिक्षा आम्हाला का?
– एक वाचिका, इंदूर

उत्तर : कामे पुरी झाल्याशिवाय नक्शा न देण्याच्या नियमाचा रोख कॉलोनायजरवर आहे, ताई, फटका मात्र तुम्हाला बसला आहे, आणि तुमचा त्रागा रास्तच आहे. तरीही त्याचा सल्ला मानू नका, असेच मी सांगेन.

कारण अगदी साध्या मोजमापाचे आहे. चार इंची पाइपाला साधारण 40 फुटांना 1 फूट उतार लागतो. तुमच्या मागच्या न्हाणीघरापासून पुढच्या रस्त्यापर्यंत 50 फूट धरले, तरी सव्वा फूट उतार तिथेच खर्ची पडतो. रस्त्यातले चेंबर कोणत्या पातळीवर येणार हे ठरलेले नसताना तुम्ही जोते भरले, फरशी बसवली आणि उद्या लाइन अपेक्षेपेक्षा वर आली, तर पाणी उलटे घरात येते. मग फरशी फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने वास्तुशांतीनंतर सहा महिन्यांतच स्वयंपाकघराची जमीन उकरलेली मी स्वतः पाहिली आहे.

सेप्टिक टँकचेही तसेच. माळव्याच्या काळ्या मातीत पाणी सहजी मुरत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि शोषखड्डा आषाढातच तोंडापर्यंत भरतो. शिवाय 2021 मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारे) शहर ठरले, ते कान्ह आणि सरस्वती नद्यांत उतरणारी सांडपाण्याची तोंडे बंद करून. त्यामुळे तुंबलेला टँक गुपचूप नाल्यात सोडण्याची जुनी सोय आता धरून चालू नका. बोअरिंगचे म्हणाल, तर पेयजल परिरक्षण अधिनियम 1986 खाली जिल्हाधिकारी उन्हाळ्यात नव्या बोअरिंगवर बंदी घालतात, आणि नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पाइपांतून येणारे नर्मदेचे पाणी कॉलनीतील वितरण लाइन घातल्याखेरीज तुमच्या नळाला यायचे नाही.

आता करायचे काय? पहिल्यांदा तुमचा प्लॉट ‘बंधक’ तर नाही, हे तपासा. विकासाची कामे पूर्ण होण्याची हमी म्हणून कॉलोनायजरला साधारण 25 टक्के प्लॉट निगमाकडे बंधक ठेवावे लागतात, आणि ते मुक्त होईपर्यंत त्यांवर नक्शा पास होत नाही. ही यादी निगमाच्या कॉलनी शाखेत मागता येते. विकास अनुमतीची प्रतही तिथूनच घ्या, कारण रस्ते, पाणी, ड्रेनेज, वीज यांपैकी काय काय आणि कोणत्या मुदतीत करायचे ते कॉलोनायजरने त्यात लिहून दिलेले असते. पुढचा सगळा वाद त्या एका कागदावर उभा राहील.

मग त्या कागदाचा हवाला देऊन कॉलोनायजरला रजिस्टर्ड पोस्टाने लेखी मागणी करा. फोनवर झालेल्या बोलण्याला पुरावा राहत नाही. जमीन 500 चौरस मीटरहून अधिक असलेला प्रकल्प सामान्यतः रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायदा 2016 खाली नोंदवावा लागतो, तेव्हा जाहिरातीत किंवा करारात नोंदणी क्रमांक शोधा. तो असेल, तर कलम 31 खाली भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. अशा तक्रारी पाच-सहा प्लॉटधारकांनी मिळून केल्यास वजन येते. घाईने बांधून मोकळे झालेले शेजारीही त्यात सामील व्हायला तयार होतील, कारण विनापरवाना बांधकामाची नोटीस त्यांनाही येऊ शकते.

पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाची सक्ती 140 चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटांना आहे; तुमचा सुमारे 93 चौरस मीटर भरतो, म्हणून ती अडचण तुम्हाला नाही. दरम्यान आर्किटेक्टकडून नक्शात जोत्याची उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजून लिहून घ्या, आणि लाइन पडून चेंबर बांधले गेले की पाण्याच्या नळीने त्याच्या तळाची पातळी स्वतःसमोर मोजून घेतल्याशिवाय पायाची खोदाई सुरू करू देऊ नका.