संगणक-शंका : पेनड्राइव्हवरच्या ओव्यांमध्ये शब्द शोधायचा कसा?

प्रश्न : नमस्कार. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने वहीत उतरवून ठेवल्या होत्या, त्या मी टाइप केल्या. एका विषयाचं एक एचटीएमएल पान, अशी 180 पानं झाली आणि पहिल्या पानावर सर्चची चौकट केली. माझ्या लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला छोटा सर्व्हर चालू केला की सगळं मस्त चालतं, पण तेच फोल्डर पेनड्राइव्हवर घालून मावशीला दिलं तर पानं उघडतात आणि शोधलं की काहीच येत नाही. एफ 12 दाबून बघितलं तर लाल अक्षरात 'ओरिजिन नल' असं काहीतरी येतंय. मावशीला आधी सर्व्हर चालू कर असं कसं सांगू? आणि 'सासऱ्या' हा शब्द पानावर डोळ्यांना दिसतो तरी कधी सापडतो कधी नाही, हे काय गौडबंगाल आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी मावशीचं बघू. तुमचा कोड बहुतेक फेच (दुसरी फाइल मागवायची जावास्क्रिप्टची आज्ञा) वापरून एकेक पान किंवा जेसन फाइल (नुसत्या माहितीची यादी असलेली फाइल) वाचतोय, बरोबर? फाइलवर डबल क्लिक केलं की ब्राउझर तिला वेबसाइट मानत नाही, डिस्कवरची प्रत्येक फाइल त्याच्या लेखी एकमेकींची अनोळखी, म्हणून शेजारची फाइल वाचूच देत नाही. क्रोमचं हे आधीपासूनच आहे, फायरफॉक्स पूर्वी त्याच फोल्डरपुरतं चालवून घ्यायचा पण 2019 मध्ये 68व्या आवृत्तीपासून त्यानेही दार लावलं. आणि कारण रास्त आहे, नाहीतर मेलमधून आलेलं एखादं भुरटं पान डाउनलोड करून उघडलं की ते डाउनलोड फोल्डरमधली तुमची बाकीची कागदपत्रं वाचून बाहेर पाठवू शकलं असतं. सेटिंग बदलून हे बंद करता येतं, पण मावशीच्या कॉम्प्युटरवर ते करू नका.

गंमत अशी की फेच बंद असलं तरी स्क्रिप्ट टॅगला, म्हणजे पानात प्रोग्रामची फाइल जोडणाऱ्या खुणेला, आडकाठी नाही. म्हणजे तोच सगळा मजकूर जेसनऐवजी एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवायचा, वर 'ओव्या =' एवढं लिहायचं आणि पुढे सगळी यादी, मग पानात ती फाइल स्क्रिप्ट टॅगने जोडायची. झालं. स्फिंक्स नावाचं डॉक्युमेंटेशन बनवायचं टूल आहे ते हेच करतं, त्याची शोधसूची जावास्क्रिप्ट फाइलच असते.

ही फाइल हाताने बनवू नका. पायथनची वीसेक ओळींची स्क्रिप्ट सगळी पानं फिरून टॅग काढून टाकेल आणि यादी लिहून देईल. विंडोजवर असाल तर फाइल वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे एनकोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 असं स्पष्ट सांगा, नाहीतर स्क्रिप्ट एरर देऊन थांबेल किंवा ओव्यांच्या जागी डोक्यावर रेघ असलेल्या इंग्रजी ए ची रांग लागेल. पानात काही बदललं की स्क्रिप्ट परत चालवायची, हे मी एकदा विसरलो आणि आदल्या दिवशी घातलेला शब्द सापडेना म्हणून अख्खी संध्याकाळ कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो!

साइजची काळजी करू नका. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं, पानाला 2000 चिन्हं धरली तरी 180 पानांचं जेमतेम 1 एमबी होतं, मोबाइलवरचा एक फोटो याहून मोठा असतो. त्यामुळे सर्चच्या मोठमोठ्या लायब्ऱ्या नकोतच, 'या ओळीत हा शब्द आहे का' असं विचारणारी जावास्क्रिप्टची साधी इन्क्लूड्स आज्ञा पुरते. फक्त पानाऐवजी एकेक ओवी यादीत घाला आणि प्रत्येकीला आयडी द्या, म्हणजे क्लिक केलं की थेट त्याच ओवीवर जाता येईल.

आता 'सासऱ्या'. हा आपल्या मराठीचा खास त्रास आहे. तो चंद्रकोरीसारखा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो, कुणी ऱ हे वेगळं अक्षर वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं झेडडब्ल्यूजे नावाचं चिन्ह. दिसायला डिट्टो सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. तुम्ही थोडं मोबाइलवर आणि थोडं लॅपटॉपवर टाइप केलं असणार! उपाय सोपा आहे, शोधायच्या आधी ओवी आणि शोधशब्द दोन्ही एकाच चाळणीतून काढायचे : आधी एनएफसी नॉर्मलाइज (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलं असेल तर ते एकसारखं करणं), मग न दिसणारी जोडचिन्हं उडवायची आणि ऱ चा र करायचा. दाखवताना मात्र मूळ ओवीच दाखवा.

चाळणी आहेच तर अजून थोडं घ्या. ओव्यांमध्ये 'पानी' पण असणार आणि 'पाणी' पण, तेव्हा ण चा न करा, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करा. दिन आणि दीन एक होतील, मन आणि मण एक होतील, होऊ देत, चार ओव्या जास्त आल्या तर मावशी आनंदाने वाचेल.

एक गोष्ट मात्र याने सुटत नाही. 'घर' शोधलं तर घरात, घराला सगळं मिळतं, पण 'देऊळ' शोधलं तर 'देवळात' मिळत नाही, 'पाऊस' म्हटलं तर 'पावसानं' नाही, कारण मधलं अक्षरच बदलतं. व्याकरणाचं मोठं यंत्र बसवण्यापेक्षा अशा पन्नासेक शब्दांची जोड-यादी हाताने करा, देऊळ म्हटलं की 'देवळ' पण बघ, असं. ओव्यांमधले शब्द तेच तेच फिरून येतात त्यामुळे हे एका दुपारचं काम आहे.

आणि मावशी पेनड्राइव्ह बाजूला ठेवून व्हॉट्सअॅपवर पाठव म्हणाली तर? अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमधून पान उघडलं की त्याला शेजारची स्क्रिप्ट बऱ्याचदा सापडतच नाही. तेव्हा त्याच पायथन स्क्रिप्टला अजून एक काम द्या, सगळ्या ओव्या, यादी आणि सर्च मिळून एकच एचटीएमएल फाइल बनवायची. खरं सांगायचं तर 1 एमबीच्या मजकुराला मी पेनड्राइव्हवरसुद्धा तीच एक फाइल दिली असती.