हॉर्सपॉवर मोजायची कुठे?

प्रश्न : आमच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात ५ एच.पी.ची मोटर आहे. पाटीवर ३.७ किलोवॅट लिहिलंय, पण पूर्ण लोडवर मीटर सव्वाचार दाखवतो. मोटर बिघडली का? आणि शक्ती अजून घोड्यांत का मोजतात?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : मोटर ठीक आहे. पाटीवरचा आकडा शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. मीटर मोजतो ती तारेतून आत जाणारी. कार्यक्षमता ८७ टक्के धरली तर ३.७ भागिले ०.८७ म्हणजे सव्वाचारच येतात. उरलेली शक्ती वाइंडिंग, गाभा, बेअरिंग आणि पंख्यात उष्णता होऊन जाते. आकडा याहून बराच वर राहिला तर करंट पाटीवरच्या अँपिअरशी ताडून पाहा आणि आधी पट्ट्याचा ताण तपासा.

घोडा आला जेम्स वॉटमुळे. न्यूकमेनच्या इंजिनात (१७१२) वाफ सिलिंडरमध्येच थंड केली जाई, त्यामुळे प्रत्येक फेरीला सिलिंडर पुन्हा तापवण्यात कोळसा जाई. वॉटने वेगळा कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायचं स्वतंत्र भांडं, लावला (पेटंट १७६९) आणि खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेतला. पण घोड्यांवर गिरणी चालवणाऱ्याकडे वाचवायला कोळसाच नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की इंजिन किती घोड्यांचं काम करील. वॉटचा हिशोब असा : २४ फूट व्यासाचा फेरा, तासाला १४४ फेऱ्या, १८० पौंडांची ओढ. मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड होतात. ते त्याने ३३,००० केले. हेच आपले ७४६ वॅट. मेट्रिक हॉर्सपॉवर ७३५.५ वॅटची असते, युरोपीय यंत्राची पाटी वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

प्रश्न : डिझेल इंजिनाची रोप ब्रेक चाचणी केली (इंजिनाच्या ड्रमवर दोर गुंडाळून, एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला स्प्रिंग बॅलन्स लावून). ड्रमचा व्यास ४०० मिमी, दोर २० मिमी, टांगलेलं वजन २० किलो, स्प्रिंग बॅलन्स ३ किलो, मिनिटाला १५०० फेरे. माझं उत्तर ५.२४ किलोवॅट, सरांचं ५.५. कुठे चुकलं?
(आयटीआयचा विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : दोराची जाडी राहिली. ओढ दोराच्या मध्यरेषेवर धरायची, म्हणून त्रिज्या २०० नव्हे, २१० मिमी. निव्वळ ओढ १७ किलो, म्हणजे १६६.८ न्यूटन. टॉर्क ३५ न्यूटन-मीटर. त्याला १५७.१ रेडियन प्रति सेकंदाने गुणा : ५,५०० वॅट, सुमारे ७.४ एच.पी.

हात घालण्याआधी ड्रम कोणत्या दिशेने फिरतो ते बघा. त्याने वजन वर ओढलं पाहिजे आणि स्प्रिंगकडची बाजू सैल राहिली पाहिजे. उलट फिरला तर सगळा ताण स्प्रिंगवर येतो आणि बॅलन्स तुटू शकतो. वजनाला जमिनीशी साखळी बांधाच. दोर एकदम पकडला तर वजन उसळतं. ड्रमच्या कडेत आतून पाणी खेळतं ठेवा, कारण साडेपाच किलोवॅटची सगळी उष्णता तिथेच निघते. दोर जळू लागला की घर्षण बदलतं आणि काटा नाचतो. काटा आणि फेरे मोजणारा टॅकोमीटर एकाच क्षणी वाचा.

ही झाली ब्रेक हॉर्सपॉवर. सिलिंडरमधली (इंडिकेटेड) शक्ती इंडिकेटर या सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या उपकरणाने मोजतात. वॉटचा सहायक जॉन सदर्न याने १७९६ मध्ये त्याला पेन्सिल आणि सरकता फलक जोडला, त्यावर दाब आणि पिस्टनची जागा यांची आकृती उमटू लागली. तिच्या क्षेत्रफळावरून सरासरी दाब काढतात. दुतर्फा वाफ घेणाऱ्या इंजिनात दोन्ही बाजू मोजा, आणि पिस्टनच्या दांड्याच्या बाजूला पिस्टनच्या क्षेत्रफळातून दांड्याचं वजा करा; इथे बरेच जण चुकतात. इंडिकेटरच्या नळीत पाणी साचलं किंवा फलक सरकवणारी दोरी ताणली गेली तर आकृतीच खोटी येते. ब्रेक भागिले इंडिकेटेड म्हणजे यांत्रिक कार्यक्षमता.

प्रश्न : रबाळ्याच्या कारखान्यात २ टनी बॉयलर आहे, पण तासाला २ टन वाफ कधीच मिळत नाही.
(एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : तो आकडा १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करताना असतो, टनाला सुमारे ६२७ किलोवॅट उष्णता. तुम्ही ६० अंशांचं पाणी घालून १० बारची वाफ काढत असाल तर साधारण १.७८ टनच मिळेल. बॉयलरमध्ये जाणारं (फीडचं) पाणी कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं झालेलं गरम पाणी, परत आणून तापवलंत तर आकडा लगेच वर सरकेल. तरीही कमी पडली, तर नळ्यांवरचा क्षार आणि काजळी पाहा.