सिग्नलच्या कामासाठी मेलबर्नला येऊ पाहणाऱ्या खानापूरच्या तरुणास

तुम्ही विचारले आहे की, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेऊन बेळगावात एका कंत्राटदाराकडे वाहतूक सिग्नलच्या देखभालीचे काम करणाऱ्या माणसाने पत्नी आणि दुसरीतल्या मुलासह ऑस्ट्रेलियात यावे का, आणि पुढे वाहतूक अभियंता होणे शक्य आहे का. व्हिसाचे गुण, शुल्क आणि मुदती सरकारी संकेतस्थळावर आहेत, त्या मी इथे सांगत नाही. मी बेळगावात स्थापत्य अभियांत्रिकी शिकले, माझे पती तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन होते आणि आज आम्ही दोघेही मेलबर्नमध्ये सिग्नलचेच काम करतो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इथे हे एक काम नसून दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत, हे आधी लक्षात घ्या. आपल्याकडे तोच माणूस बंद पडलेला एलईडी दिवा बदलतो, खणलेल्या रस्त्यात तुटलेली केबल शोधतो आणि वाहतूक पोलिसांनी सांगितले की कंट्रोलरमधले, म्हणजे दिवे चालवणाऱ्या पेटीतले, सेकंदही बदलतो. इथे सेकंद ठरवणे अभियंत्याकडे आणि तारेला हात लावणे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे असते. आयटीआयच्या दाखल्यावर तो परवाना मिळत नाही. आधी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी यंत्रणेकडून कौशल्याची तपासणी होते, मग देखरेखीखाली काम करावे लागते, त्याबरोबर इथल्या वायरिंगच्या नियमांचे पूरक प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यानंतरच व्हिक्टोरिया राज्याचा ‘ए ग्रेड’ परवाना हाती येतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे अख्खे पॅनेल ज्यांनी एकट्याने उभे केले होते, त्या माझ्या पतींनी त्या मधल्या काळात दुसऱ्यांच्या हाताखाली चर खणले आणि पाइपांतून केबल ओढल्या. काम कमीपणाचे नव्हते. परंतु ते त्यांच्या मनाला किती लागले हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, आणि मीही आजवर विचारलेले नाही.

अभियंत्याची वाट कागदपत्रांतून जाते. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा लाभ ठरावीक मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांच्या पदवीधरांनाच होतो. बाकीच्यांना, आणि त्यांत मीही होते, इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या अभियंत्यांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेकडे आपल्या कामाचे तीन सविस्तर वृत्तांत लिहून द्यावे लागतात. त्यांत विभागाने काय केले हे चालत नाही, स्वतः कोणते गणित मांडले आणि कोणता निर्णय घेतला तेच लिहावे लागते. त्यात आपल्या सीमाभागाची अडचण वेगळीच आहे. माझा जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आणि पदवी इंग्रजीत. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव बेळगावी झाल्यामुळे जुन्या कागदांवर एक नाव आणि नव्यांवर दुसरे. एका कार्यालयाने ही दोन निराळी गावे समजून माझा अर्ज परत पाठवला, आणि शपथपत्र, भाषांतर, पुन्हा शपथपत्र अशा फेऱ्यांसाठी माझे वृद्ध वडील भर उन्हात कोर्टाच्या आवारातल्या नोटरीकडे जात राहिले. तो राग अजून गेलेला नाही. सर्व दाखल्यांवरचे नाव, आडनावाचा क्रम आणि जन्मगाव हे निघण्यापूर्वीच जुळवून घ्या.

प्रत्यक्ष कामाबद्दल मात्र मी मनापासून चांगलेच बोलेन. १९७० च्या दशकात न्यू साउथ वेल्समध्ये तयार झालेली स्कॅट्स ही प्रणाली इथले चौक चालवते. थांबरेषेजवळ डांबरात खाचा पाडून तारेची वेटोळी पुरलेली असतात. त्यांवरून वाहने गेली की नोंद होते, आणि हिरव्या दिव्याचा किती वेळ खरोखर उपयोगी पडला हे पाहून पुढच्या चक्राची लांबी आणि दिशांमधली वाटणी बदलते. आपल्याकडचे पुष्कळ सिग्नल बांधलेल्या सेकंदांवर चालतात. आयआरसी ९३ या सिग्नलविषयक भारतीय मार्गदर्शिकेप्रमाणे आम्ही रस्त्याच्या रुंदीच्या दर मीटरला ताशी ५२५ प्रवासी-कार एकके (सर्व वाहने मोटारींच्या हिशेबात मोजून) धरायला शिकलो; इथे हिशेब लेनचा असतो, कारण बेळगावच्या चन्नम्मा चौकात दुचाकी जशा रांगांमधून वाट काढत सर्वांच्या पुढे येतात, तशा इथे येत नाहीत. तुमचा दोष शोधण्याचा अनुभव मात्र इथे पूर्ण उपयोगी पडेल. रस्ता खरवडताना वेटोळे तुटते, जोडणीत पाणी शिरते, आणि परस्परविरोधी दिशांना एकदम हिरवा लागल्याचे आढळताच कंट्रोलर सगळा चौक लुकलुकत्या पिवळ्यावर टाकतो; मग मध्यरात्र असली तरी कोणाला तरी जावेच लागते.

या रात्रपाळ्यांच्या काळातच आमच्या मुलीची शाळा सुरू झाली, आणि ते मी विसरू शकत नाही. इथले शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते. आम्ही व्हिसाच्या तारखेमुळे ऑगस्टमध्ये पोहोचलो. ती बेळगावात मराठी माध्यमातून सहावीत होती. शाळेने तिला इंग्रजीच्या पूरक वर्गात घातले, ते योग्यच होते. पण ती वर्गात बोलत नाही म्हणून तिला गणितातही खालच्या गटात बसवले, आणि ते मुळीच योग्य नव्हते. मी तिची बेळगावची वही घेऊन भेटायला गेले, तेव्हा मुलांवर दडपण आणू नये असे मला अत्यंत सौम्यपणे सांगण्यात आले. वही कोणी उघडली नाही. आज ती विद्यापीठात आहे आणि तिने गणित घेतलेले नाही. आपल्याला तो विषय तसाही आवडत नव्हता, असे ती म्हणते. बेळगावच्या शाळेत तो तिला आवडत होता, हे मला पक्के आठवते.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो असतो, पहिला हिवाळा जड जातो, पुढे कामात दिवस भरतात. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

माझे मत विचाराल तर या, पण इलेक्ट्रिशियन म्हणूनच या, आणि अभियंता होण्याचा विचार परवाना हाती आल्यावर करा, कारण त्यासाठी पदवी लागेल आणि परवान्याची धडपड चालू असताना पदवीचा अभ्यास करायला घरात कोणाचाच वेळ उरत नाही. मुलासाठी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचण्याचा बेत करा, आणि पहिले वर्षभर तुमच्यापैकी एकजण संध्याकाळी घरी असेल असे ठरवून निघा. कोणत्या चौकात कोणते काम किती काळ केले याचे सही-शिक्क्याचे पत्र, पगाराच्या नोंदी आणि बँकेचे उतारे कंत्राटदाराकडे नोकरीत असतानाच मिळवा. नोकरी सोडल्यावर ते पत्र मिळणे फार कठीण होते.