बोट कधीच चालवली नाही, पोहता कोणालाच येत नाही, आईचे गुडघे दुखतात; भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन थेम्सवर नॅरोबोटने (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) एक दिवस फिरता येईल का?

हो, नक्की येईल. फक्त कालवा आणि नदी एकच समजू नका. कालव्याचं पाणी जवळजवळ उभं असतं, नदीचं ओढतं. दिवसाचा सगळा बेत या ओढीवरच ठरवायचा.

गेल्या जूनमध्ये आई, बाबा, बायको आणि मी मित्राच्या 45 फुटी बोटीने ॲबिंग्डनहून ऑक्सफर्डच्या दिशेला इफ्लीपर्यंत जाऊन आलो. मित्र सोबत होताच. आम्ही मुद्दाम आधी प्रवाहाच्या विरुद्ध गेलो. सकाळी हात नवखे असतात, तेव्हा समोरून येणारं पाणी बरं पडतं. इंजिन कमी केलं की बोट लवकर मंदावते. संध्याकाळी माणसं दमलेली असतात, तेव्हा नदीच घरी आणून सोडते. तुम्हीही असंच करा.

बाबा दापोलीकडचे, खाडीच्या काठी वाढलेले. बोटीत पाय ठेवताच त्यांनी विचारलं, "ओहोटी कधी लागते?" भरती-ओहोटी खाली लंडनजवळ टेडिंग्टनलाच थांबते, इथवर येत नाही. पण सुकाणू त्यांच्या ओळखीचं निघालं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं. बोट आपल्या मध्यावर फिरते, म्हणजे नाक एकीकडे जाताना शेपूट दुसरीकडे झुकतं. आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा पाणी मागे ढकलत असेल तरच सुकाणू काम करतं. मी एका वळणावर घाबरून इंजिन अगदी उतरवलं, बोट वळेनाशी झाली आणि आम्ही थेट वाळुंजाच्या फांद्यांत शिरलो. ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स, तेही खूप आधी. समोरून बोट आली की आपण उजवीकडे राहायचं. वल्हवणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्या, ते पाठमोरे येतात. रॅडलीजवळ शाळेची मुलं सराव करत होती.

लॉकची धास्ती बाळगू नका. दोन दारांमधली ती पाण्याची टाकीच, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारी. थेम्सच्या या भागात दारं यंत्राने उघडतात, उन्हाळ्यात बहुधा लॉक सांभाळणारा लॉककीपरही असतो. आत गेल्यावर इंजिन बंद करायचं, पुढचा आणि मागचा दोर खुंट्याला वेढा देऊन हातात धरायचा. गाठ मारायची नाही. पाणी उतरताना गाठ बसली तर बोट तिथेच लटकते. सँडफर्डच्या लॉकला अडीच मीटरहून जास्त चढ आहे. टाकी भरत गेली तशी भिंत खाली जात राहिली आणि समोर गवत दिसू लागलं, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. भीतीने नाही, आनंदाने.

तिथल्याच बंधाऱ्यापाशी एक दगडी स्तंभ आहे, बुडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा. कुठल्याही बंधाऱ्याच्या जवळ बोट नेऊ नका. तुमच्यात कोणालाच पोहता येत नाही म्हणता, तर लाइफ जॅकेट सगळ्यांना, दिवसभर. बोटवाल्याने दिली नाहीत तर मागून घ्या.

तुमच्या आईचे गुडघे दुखतात असंही लिहिलंय. त्यांना पुढच्या उघड्या भागात खुर्ची द्या. इंजिन मागे असतं, त्यामुळे पुढे पक्ष्यांचे आवाजसुद्धा ऐकू येतात. लॉकमध्ये उतरण्या-चढण्याचं काम तरुणांनी करावं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, चहा बोटीतल्या गॅसवर केला. वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, आम्ही त्याहून सावकाशच गेलो. नूनमचा टेकडीवरचा वाडा उजव्या हाताला कितीतरी वेळ दिसत राहिला.

एका दिवसाच्या भाड्याला लायसन्स लागत नाही, बोटवाला निघण्याआधी शिकवतो. त्याला सुकाणू तुमच्या हातात द्यायला सांगा, नुसतं पाहून येत नाही.

आदल्या संध्याकाळी आणि निघताना लॉकवरच्या पाट्या नक्की बघा. पिवळी म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा उतरतोय, पाटीवर तसं लिहिलेलं असतं. नवख्यांनी बोटवाल्याला विचारूनच निघावं. लाल असेल तर बोट हलवूच नका, पैसे बुडाले तरी चालतील. त्या दिवशी आई-बाबांना इफ्लीला रस्त्याने न्या. तिथलं बाराव्या शतकातलं दगडी चर्च आणि लॉक, दोन्ही काठावरूनही बघता येतात.