भरवशाची म्हैस आणि रनिंग बॅक

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेलची फाइल काल रात्री जेवणानंतर उघडली आणि बारा वाजून गेले तरी मिटली नाही. साठ रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे खेळाडू), प्रत्येकाचे आठवड्यागणिक पॉइंट, शेवटी सरासरी, तिच्या शेजारी स्टँडर्ड डिव्हिएशन आणि वर हिरवा-पिवळा-लाल रंग. खऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंची कागदावर टीम करून त्यांच्या मैदानावरच्या कामाचे पॉइंट मोजायचा हा फँटसी फुटबॉलचा खेळ, आणि ऑफिसच्या लीगमध्ये पहिल्याच वर्षी त्यासाठी एवढी तयारी करणारी तू एकटीच असशील. आम्ही पहिल्या वर्षी जर्सीचा रंग बघून माणसं घेतली होती.

रनिंग बॅकमध्ये भरवशाचा कोण, हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. पण फाइल जे उत्तर देते ते मला पटत नाही. का ते सांगतो.

आधी तो डिव्हिएशनचा कॉलम. सरासरीपासून जो फार लांब जातो तो बेभरवशाचा, असं तुझं सूत्र म्हणतं. पण लांब कुठल्या बाजूला? २०२०च्या नाताळात अल्विन कमाराने व्हायकिंग्जविरुद्ध सहा टचडाउन (चेंडू गोल लाइनपलीकडे नेला की एक) आणि १५५ यार्ड धावून काढले. नुसत्या धावण्याचे साडेएक्कावन्न पॉइंट. बऱ्याच लीगची फायनल त्याच आठवड्यात होती. ज्यांच्याकडे कमारा होता त्यांनी पेढे वाटले असतील. तुझ्या सूत्रात मात्र त्या एका दिवसामुळे त्याचं डिव्हिएशन फुगणार आणि तो लाल रंगाकडे सरकणार. दुसरीकडे, जो दर आठवड्याला इमानेइतबारे सहाच पॉइंट आणतो तो हिरवागार. अशा हिरवळीला घेऊन काय करायचं?

तुझी आजी दुधाचा हिशेब कसा ठेवायची ते तू बघितलं नसशील. तुझा जन्म व्हायच्या आतच आपल्याकडे पिशवी आली. स्वयंपाकघरात दाराआड कालनिर्णय टांगलेलं असायचं, त्याला सुतळीने पेन्सिल बांधलेली. गवळी दोन लिटरचा रतीब घालायचा. पूर्ण आलं तर आजी काहीच लिहायची नाही. कमी आलं तर त्या तारखेच्या चौकटीत आडवी रेघ, खाडा झाला तर फुली. एखाद्या दिवशी गवळ्याने खुशीत पावशेर जास्त घातलं तर त्याची नोंदच नाही, फार तर खरवडलेल्या पातेल्यात पोरांसाठी थोडी बासुंदी. महिनाअखेर ती सरासरी काढत बसायची नाही. रेघा मोजायची. "सहा दिवस पाहुण्यांसमोर काळा चहा ठेवायला लागला," एवढा तिचा निष्कर्ष, आणि पुढच्या महिन्यात गवळी बदलायचा की नाही ते त्यावर ठरायचं.

तू तेच कर. डिव्हिएशनचा कॉलम खोडून टाक आणि रेघा मोज. तुमची लीग बारा जणांची आहे, प्रत्येकजण दोन रनिंग बॅक उतरवतो, म्हणजे दर आठवड्याला चोवीस जण कामाला लागतात. एखादा त्या आठवड्याच्या पहिल्या चोविसात आला तर दूध पूर्ण आलं समज. नाही आला तर रेघ. पहिल्या बारात आला तर वेगळी खूण कर, कारण बासुंदीही आपल्याला हवीच आहे. सरासरी खोटं बोलते असं नाही, ती अर्धवट बोलते. कागदावर दोघे घे. एकाचे सहा आठवडे १२, १४, ११, १३, १०, १२. दुसऱ्याचे ३, ३१, ५, ४, २४, ५. दोघांची बेरीज बहात्तर, सरासरी बारा. पण आपल्या खेळात दर आठवड्याला एका माणसाशी गाठ असते. चाळीस पॉइंटने जिंकलीस काय आणि एकाने जिंकलीस काय, खात्यात विजय एकच. वरचे एकोणचाळीस पुढच्या आठवड्यात नेता येत नाहीत. दुसऱ्याने दोन आठवडे तुला उचलून धरलं आणि चार आठवडे काळा चहा पाजला.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचं मला शिकायला बरीच वर्षं लागली.

पॉइंटच्या रेघा मोजल्या की गेल्या वर्षी काय झालं ते कळतं, पुढच्या रविवारचं कळेलच असं नाही. म्हैस दूध किती देणार हे तिच्या मूडपेक्षा तिच्यापुढे वैरण किती पडते यावर ठरतं. रनिंग बॅकची वैरण म्हणजे काम. चेंडू किती वेळा त्याच्या हातात दिला, किती पास त्याच्याकडे फेकले, संघाच्या शंभर स्नॅपपैकी (खेळलेल्या चालींपैकी) किती वेळा तो मैदानात होता आणि गोल लाइनला दोन यार्ड उरले असताना कोचने कुणाला हाक मारली. हे आकडे पॉइंटइतके उड्या मारत नाहीत आणि ते कोचच्या डोक्यात काय चाललंय ते सांगतात.

डेरिक हेन्रीचं २०१८ साल बघ. टायटन्ससाठी पहिल्या बारा सामन्यांत मिळून ४७४ यार्ड, म्हणजे सामन्याला चाळिसाच्याही आत. काम डिऑन लुइसबरोबर वाटून. मग ६ डिसेंबरच्या गुरुवारी जॅग्वार्सविरुद्ध सतरा वेळा चेंडू घेऊन २३८ यार्ड आणि चार टचडाउन, त्यातला एक ९९ यार्डांचा. आमच्या लीगच्या बाद फेरीचा तो पहिला आठवडा, आणि हेन्री माझ्या बेंचवर. चूक सर्वस्वी माझी, पण बेंचवर बसवला ही चूक नव्हती. बारा आठवडे बहुतेक चौकटींत रेघा दिसत असताना त्याला खेळवणं हा जुगार झाला असता. खरी चूक त्यानंतरची. "लागली एकदा लॉटरी, आता पुन्हा चाळीस यार्ड" असं म्हणत मी त्याला पुन्हा बेंचवरच ठेवला. पुढच्या रविवारी जायंट्सविरुद्ध कोचने चेंडू त्याच्या हातात तेहतीस वेळा दिला. १७० यार्ड, दोन टचडाउन. त्यानंतरच्या दोन सामन्यांत ८४ आणि ९३. वर्षअखेर पाटी काय म्हणते? सोळा सामन्यांत १,०५९ यार्ड, सरासरी ६६. हा सहासष्ट यार्डांचा हेन्री निव्वळ कागदावरचा माणूस! एक चाळीसवाला होता, एक दीडशेच्या घरातला, आणि दोघांच्या मध्ये कोचचं मन बदललं होतं. २३८ यार्ड म्हणजे नशीब म्हणता आलं असतं, तेहतीस कॅरी म्हणजे निर्णय. पुढच्या वर्षी याच हेन्रीने १,५४० यार्डांसह अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर काढला.

याच्या उलट जोनस ग्रे. १६ नोव्हेंबर २०१४, पेट्रियट्स विरुद्ध कोल्ट्स. आदल्या गुरुवारीच रोहितने ईडनवर २६४ ठोकले होते, त्यामुळे तो आठवडा माझ्या चांगला लक्षात आहे. ग्रेला सदतीस वेळा चेंडू मिळाला, २०१ यार्ड, चार टचडाउन. सोमवारी सगळ्या लीगमध्ये त्याच्यावर उड्या. मग त्या शुक्रवारी तो सरावाला उशिरा पोहोचला आणि पुढच्या सामन्यात त्याला एकदाही चेंडू दिला नाही. त्या सीझनमध्ये तो एकूण ४१२ यार्ड धावला, त्यातले निम्मे त्या एका रात्रीतले. तू म्हणशील, मामा, सदतीस कॅरी हाही निर्णयच होता की. होता, पण त्या एका सामन्यापुरता. म्हणून कामाचा आकडाही एका आठवड्याचा धरू नकोस, तीन-चार आठवडे सलग बघ. आणि कोच कोण ते बघ. काही कोच दर आठवड्याला नवा घोडा जुंपतात. तिथल्या कुठल्याच रनिंग बॅकला मी आता हात लावत नाही.

टचडाउनबद्दल सावध राहा. ते अळवावरचं पाणी आहे. लेगॅरेट ब्लाउंटने २०१६मध्ये अठरा टचडाउन केले. पॉइंटात बघितलं तर डोळे दिपतात. पण वर्षभरात पास झेलले फक्त सात. म्हणजे ज्या आठवड्याला गोल लाइन ओलांडली नाही त्या आठवड्याला हातात फारसं काही नाही. पुढच्या वर्षी ईगल्सकडे गेला आणि धावून टचडाउन केले दोन. दोन्ही वर्षी त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला, म्हणजे खऱ्या मैदानावर त्याचं छान चाललं होतं. आपल्या खात्यात तो कोरडा झाला.

खरा रतीब येतो पास झेलण्यातून. तुमच्या लीगमध्ये झेललेल्या पासला पूर्ण एक पॉइंट आहे, हे नियमांच्या पानावर पुन्हा वाच. कित्येक जण न वाचताच ड्राफ्टला, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायला, बसतात. दहा यार्ड धावायला दोन-तीन कॅरी खर्च व्हायच्या तेव्हा कुठे एक पॉइंट. इथे नुसता झेलला, जागेवर आडवा झाला, तरी एक. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९मध्ये पँथर्ससाठी ११६ पास झेलले. सोळा सामन्यांत वाटले तर सामन्याला सव्वासात पॉइंट, एकही यार्ड मोजायच्या आधी. आणि तो संघ त्या वर्षी अकरा सामने हरला होता, हे महत्त्वाचं. संघ मागे पडला की घड्याळ पळत असतं, धावत बसायला वेळ नसतो, सगळे पास फेकायला लागतात. निव्वळ धावणारा अशा वेळी शोभेचा होतो. हेन्रीचंच बघ, २०२०मध्ये २,०२७ यार्ड धावणारा हा गडी. पण ६ डिसेंबरला (हो, तीच तारीख, दोन वर्षांनी) ब्राउन्सने मध्यंतरालाच ३८-७ अशी आघाडी घेतली आणि त्या दिवशी हेन्रीच्या वाट्याला पंधरा कॅरी आणि साठ यार्ड आले. अख्ख्या वर्षात झेललेले पास एकोणीस. भरवशाच्या म्हशीला टोणगा तो असा. म्हैस तीच, वैरण कुणीतरी दुसरीकडे वळवली. म्हणून तुझ्या फाइलमध्ये एक कॉलम असाही टाक की संघ हरला त्या सामन्यांत याला किती पॉइंट मिळाले.

आता खाडे. न खेळलेल्या आठवड्यांना तू शून्य धरून सरासरीत घातलंयस, ते काढ. मॅकॅफ्री २०२०मध्ये तीनच सामने खेळला, २०२४मध्ये चार. हा वेगळा आजार आहे आणि त्याचं औषधही वेगळं. माणूस खेळणार नाही हे आधी कळलं तर बेंचवरचा दुसरा उतरवता येतो, तेव्हा ती फुली, रेघ नव्हे. खेळायला उतरून तीन पॉइंट आणणं जास्त घातक. अर्थात फुली कधी कळते यावरही बरंच आहे. २०२४च्या पहिल्या आठवड्यात मॅकॅफ्रीचा सामना सोमवारी रात्री होता आणि तो खेळणार नाही हे पक्कं झालं तेही सोमवारीच. तोवर रविवारचे सगळे सामने उरकलेले, बदली आणणार कुठून? ज्यांनी त्याच्यामागचा जॉर्डन मेसन आधीच पदरी बांधला होता त्यांना १४७ यार्ड आणि एक टचडाउन मिळाला. बुधवार ते शुक्रवारच्या सरावाचे रिपोर्ट वाचत जा, आणि तुझ्या मुख्य माणसाचा सामना रविवारी रात्री किंवा सोमवारी असेल तर त्याच सामन्यातला एक बदली हाताशी ठेव.

एवढं सगळं भरवशाचं पुराण लावलं, पण दर आठवड्याला भरवसाच हवा असतो असंही नाही. समोरच्याची टीम तुझ्यापेक्षा वीस पॉइंटने भारी दिसत असेल तर बारा-तेरावाला साधा माणूस तुला व्यवस्थित, सभ्यपणे हरवेल. तिथे लहरी माणूस काढ. २०२३मध्ये डॉल्फिन्सचा डेव्हॉन एचान असाच होता. वर्षभरात फक्त १०३ कॅरी, पण यार्ड ८००. ब्रॉन्कोजविरुद्ध ७०-२०च्या त्या सामन्यात एकट्याने धावून २०३ यार्ड आणि एकूण चार टचडाउन. कामाच्या आकड्यांवरून तो मला कधीच पटला नसता, आणि मी त्याला घेतलाही नव्हता. तू मागे असशील त्या आठवड्याला असाच उतरव. पुढे असशील तर रतीबवाला.

ड्राफ्टमध्ये माझी पद्धत म्हणशील तर पहिला रनिंग बॅक पास झेलणारा आणि संघात एकटा राबणारा घेतो, दुसराही जमलं तर तसाच. त्यानंतरचे सगळे कुणाच्या तरी मागे उभे असलेले, पण पुढचा लंगडला तर सगळी वैरण ज्यांच्या दावणीला येईल असे. एकाच संघात दोघांना निम्मं-निम्मं काम असेल तर त्यातला स्वस्त घेतो. गेल्या वर्षीच्या हिरव्या रंगासाठी मात्र एक फेरीही वर चढत नाही. कोच बदलला, पुढे वाट करून देणारी लाइन बदलली, संघाने नवा पोरगा घेतला की मागच्या कालनिर्णयाची रद्दी होते.

फाइल दुरुस्त करून रविवारच्या आत पाठव. रंग राहू दे, छान दिसतात.

तुझा,
मामा

ता. क. आजीला फोन कर. तुझ्या आईने तिला सांगितलंय की तू ऑफिसात लिलावात माणसं विकत घेतेयस. ती मला विचारत होती, "पोरीला पगार वेळेवर मिळतो ना?"